संक्रमण नेमकं कशाचं? वायुप्रवाहाच्या पट्ट्यांसाठी मराठी शब्द हवेत

खाडीकाठ (ऐरोली)

मंडळी, मदत हवी आहे. धागा लांबणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

नवी मुंबईतल्या एका तंत्रनिकेतनात मी मुलांना द्रव आणि वायूंचे प्रवाह शिकवते. निम्म्याहून जास्त मुलं मुरबाड, शहापूर, पनवेलकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. पुस्तक इंग्रजी असलं तरी समजावून सांगताना वर्गात मराठीच चालते. म्हणून गेल्या वर्षी मी स्वतःच मराठीत टिपणं काढून मुलांना वाटली.

परवा वह्या तपासत होते. एका मुलानं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: "विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ आला की संक्रमण होते व प्रवाह खळाळता बनतो. हवा विरळ असल्यास हे संक्रमण लवकर होते." लाल पेनानं काट मारली आणि मग माझीच टिपणं उघडली. चूक माझी होती. तीन वेगळ्या प्रकरणांत तीन वेगळ्या गोष्टींना मी 'संक्रमण' म्हटलं होतं. पोरानं प्रामाणिकपणे तिन्ही जोडून एक वाक्य केलं.

त्या तीन गोष्टी अशा.

पहिली खळाळाची. नळ थोडा उघडला तर पाण्याची धार काचेसारखी दिसते (स्तरीय, म्हणजे लॅमिनार), जास्त उघडला की ती फुटते, पांढरी होते (खळाळती). ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून हा बदल मोजला. इथे तुलना आहे प्रवाहाचा जोर आणि त्याचा चिकटपणा यांची. गोल नळीत हा रेनॉल्ड्स अंक साधारण २००० ते २३०० च्या पुढे गेला की प्रवाह बिथरायला लागतो.

दुसरी ध्वनीची. वस्तूचा वेग भागिले तिथल्या हवेतला ध्वनीचा वेग, हा झाला माख अंक. अर्न्स्ट माख यांनी १८८० च्या दशकात पीटर साल्कर यांच्यासोबत उडत्या गोळीपुढच्या आघात-तरंगाची (शॉक वेव्हची) छायाचित्रं काढली. अंकाला माख यांचं नाव मात्र याकोब अकेरेट यांनी १९२९ मध्ये दिलं. साधारण ०.८ च्या खाली सबसॉनिक, ०.८ ते १.२ ट्रान्सॉनिक, तिथून ५ पर्यंत सुपरसॉनिक, ५ च्या वर हायपरसॉनिक.

तिसरी विरळपणाची, आणि मुलांना सगळ्यात अवघड जाते ती हीच. हवेचा रेणू दुसऱ्या रेणूवर आपटण्याआधी सरासरी किती अंतर जातो? आपल्या खोलीतल्या हवेत एका मिलिमीटरच्या सुमारे पंधरा हजाराव्या भागाइतकं. त्या अंतराला वस्तूच्या आकारानं भागलं की क्नुडसेन अंक मिळतो. डॅनिश शास्त्रज्ञ मार्टिन क्नुडसेन यांच्यावरून हे नाव आलं. अंक ०.०१ च्या खाली असेल तर हवेला सलग पदार्थ मानून गणित चालतं. ०.०१ ते ०.१ मध्ये हवा पृष्ठभागावरून घसरते ('स्लिप'). १० च्या वर रेणू एकमेकांना जवळजवळ भेटतच नाहीत (मुक्तरेणू). मधला ०.१ ते १० हा पट्टा पुस्तकात 'ट्रान्झिशन' म्हणून येतो, आणि मी भाबडेपणानं तिथेही 'संक्रमण' लिहून मोकळी झाले.

तुलना तीन, मोजपट्ट्या तीन, शब्द मात्र एक. मला असे शब्द हवेत की ऐकताक्षणी मुलाला कळावं, इथे कशाची तुलना कशाशी चालली आहे. मोजपट्टीवरच्या अशा प्रत्येक भागाला इंग्रजीत 'रेजीम' म्हणतात, त्याला काय म्हणावं, तेही सुचवा. मी सध्या 'अवस्था' म्हणते, पण वायुअवस्था, द्रवअवस्था आधीच आहेत, तिथे पुन्हा गोंधळ होतो.

---

उपवन_तळं (ठाणे)

ताई, तळमळ पोचली. पण मुलांना पुढे नोकरीत सुपरसॉनिक, लॅमिनार हेच शब्द भेटणार. दोन-दोन शब्द पाठ करायचं ओझं कशाला? मी स्वतः मराठी माध्यमातून आलो. मला शब्दांपेक्षा आकृत्यांनी जास्त तारलं.

---

खाडीकाठ (ऐरोली)

उपवन_तळं, इंग्रजी शब्द मी काढणार नाहीये, परीक्षेत तेच लिहायचे आहेत. पण इंग्रजी शब्द मुलांच्या कानावर नावासारखे पडतात. 'सब', 'ट्रान्स', 'हायपर' यांतून त्यांना काहीच ऐकू येत नाही. सुपर मोठं की हायपर मोठं, हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. मराठी शब्द अर्थाची खुंटी म्हणून हवा आहे. एकदा अर्थ टांगला की वर इंग्रजी नाव खुशाल चढवावं.

आणि ही नावं इंग्रजीतही कुणीतरी बसून घडवलेलीच आहेत. 'ट्रान्सॉनिक' हा शब्द फॉन कार्मान आणि ह्यू ड्रायडन यांनी केला. 'हायपरसॉनिक' १९४६ मध्ये छ्येन श्वेसेन यांनी रूढ केला आणि त्याच वर्षी विरळ वायूंच्या प्रवाहाचे पट्टेही त्यांनीच आखून दिले. गरज पडली तेव्हा त्यांनी शब्द घडवले. आपल्याला आज गरज आहे.

---

कोपरीकर (ठाणे पूर्व)

संस्कृत-मराठी शिकवण्यात माझी हयात गेली, विज्ञानात गती नाही. पण शब्दांबद्दल बोलू शकतो.

आधी 'संक्रमण'. क्रमण म्हणजे चालणं, सं-क्रमण म्हणजे एका जागेतून दुसरीत जाणं. संक्रांत तीच. सूर्य धनु सोडून मकरेत जातो, त्या जाण्याला संक्रांत म्हणतात. म्हणजे हा घटनेचा शब्द आहे, ठिकाणाचा नाही. आता तुमच्या तीन गोष्टी पाहा. नळाची धार काही अंतर सरळ येते आणि पुढे फुटते, तोच प्रवाह एका रूपातून दुसऱ्यात जातो. तिथे संक्रमण बरोबर. पण ०.८ ते १.२ हा मुक्कामाचा टापू दिसतो. एखादं विमान तासन्‌तास ०.८५ वर उडत असेल, तर ते कुठून कुठे संक्रमण करतंय?

आता मला सांगा, ध्वनीजवळच्या त्या पट्ट्यात नेमकं काय घडतं? ध्वनीपेक्षा मंद आणि ध्वनीपेक्षा जलद, असे दोन्ही प्रवाह एकाच वेळी असतात का? तसं असेल तर आपल्याकडे सुंदर शब्द आहे: संधी. संधिप्रकाशात दिवसही असतो आणि रात्रही. म्हणून 'स्वनसंधी'. स्वन म्हणजे ध्वनी.

सुपरसॉनिकसाठी 'स्वनातीत' चांगला रुळलेला आहे, तो सोडू नका. अतीत म्हणजे अति अधिक इत, पलीकडे गेलेला. त्यामुळे हायपरसॉनिकला 'अतिस्वनातीत' म्हटलं तर 'अति' दोनदा येतो, कानाला खटकतो. खालच्या पट्ट्याला 'अवस्वनी' म्हणा. अव म्हणजे खाली. अवतरण, अवरोह यांतला.

---

खाडीकाठ (ऐरोली)

सर, दंडवत. तुम्ही विचारलंत ते शंभर टक्के तसंच आहे. विमान ०.८ वर असतं, पण पंखाच्या फुगीर पाठीवरून जाताना हवा वेग घेते आणि तेवढ्या पट्ट्यात ती ध्वनीच्या पुढे जाते, मग एका आघात-तरंगाशी येऊन पुन्हा मंदावते. एकाच पंखावर दोन्ही प्रवाह शेजारी-शेजारी. या पट्ट्याचं गणित अवघड आहे ते याचमुळे. माझ्या टिपणात हे वाक्य होतं, पण शब्द त्याला साथ देत नव्हता. 'स्वनसंधी' घेतला.

---

सानपाडा_१३

संधी म्हणजे मुलांना 'चान्स' वाटेल ना? "स्वनसंधी आली" म्हणतील.

---

कोपरीकर (ठाणे पूर्व)

वाटेल, पहिल्या दिवशी. पण संधिवातातली संधी कुणाला चान्स वाटत नाही. हाडाचा सांधा दाखवा, दोन हाडं जिथे एकत्र असतात ती जागा. त्यानंतर विसरणार नाहीत.

अवांतर: 'स्वनातीत' आणि 'श्राव्यातीत' यांची वृत्तपत्रांत सर्रास अदलाबदल होते. सोनोग्राफीतला ध्वनी श्राव्यातीत. कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्या वारंवारतेच्या तो पलीकडचा. क्षेपणास्त्र स्वनातीत, ते वेगाच्या पलीकडचं. ताईंची 'कशाची तुलना कशाशी' ही कसोटी इथेही लागू पडते.

---

खाडीकाठ (ऐरोली)

यावर एक भर घालते. इंग्रजीतही एकेकाळी हाच घोळ होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'सुपरसॉनिक' हा शब्द न ऐकू येणाऱ्या ध्वनीसाठी वापरला जायचा. विमानं त्या वेगाला भिडू लागली तसा तो वेगाकडे गेला आणि ध्वनीसाठी 'अल्ट्रासॉनिक' उरला. आपल्याकडे दोन शब्द पहिल्यापासून वेगळे आहेत, ते वेगळेच राहू देत.

---

रबाळे_व्हॅक्यूम

मी विमानवाला नाही. रबाळे एमआयडीसीत व्हॅक्यूम सिस्टिम जोडतो, बावीस वर्षं झाली. पण तुमची तिसरी मोजपट्टी आमची रोजची भाकरी आहे, म्हणून लिहितो.

एका कारखान्यात चेंबरमधली हवा काढून तो रिकामा करायचा होता. रोटरी पंप, त्याच्यावर बूस्टर पंप, सगळं नवीन. पण जागा अडचणीची, म्हणून पंप बाहेर ठेवून तिथल्या लोकांनी २५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा २ मीटर पाइप टाकलेला. सुरुवातीला दाबाचा काटा धडाधड उतरला. नंतर जो अडला तो अडलाच. त्यांनी मोठा पंप मागवला. फरक शून्य. लीक शोधण्यात दोन दिवस गेले, लीक नव्हतंच.

कारण असं. १ मिलिबारच्या हजाराव्या भागावर हवेचा रेणू न आपटता सहा-साडेसहा सेंटिमीटर जातो. पाइप अडीच सेंटिमीटरचा. म्हणजे रेणूला दुसरा रेणू भेटायच्या आधी पाइपची भिंत भेटते. तिथे पंप ओढतो वगैरे काही उरत नाही. मागून ढकलणारा रेणूच नाही. एकेक रेणू भिंतीवर आपटत, पुढे-मागे होत, चुकून पंपाच्या तोंडाशी आला की पकडायचा. मी नव्या पोरांना सांगतो: आधी गॅस वाहतो, मग गॅस भटकतो. वाहतोय तोवर पंपाची ताकद बघा, भटकायला लागला की पाइपचं तोंड बघा.

हिशेब सांगतो. भटकत्या गॅससाठी लांब पाइपची वहनक्षमता व्यासाच्या घनावर जाते आणि लांबीनं भागली जाते. साध्या तापमानाच्या हवेला सूत्र: १२.१ गुणिले व्यासाचा घन भागिले लांबी, मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर लिटर दर सेकंदाला. त्यांच्या पाइपला येत होतं १ लिटरच्याही आत. पुढे कितीही मोठा पंप लावा, चेंबरमधून सेकंदाला १ लिटरच सुटणार. पंप जवळ सरकवून ४० मिलिमीटरचा १ मीटर पाइप केला, क्षमता पावणेआठ लिटरवर गेली. त्याच संध्याकाळी चेंबरचा दाब खाली उतरला.

आता शब्दांचं. वाहत्याला आम्ही व्हिस्कस आणि भटकत्याला मॉलिक्युलर म्हणतो. आमच्याकडे मॉलिक्युलर क्नुडसेन अंक ०.५ च्या वर धरतात, तुम्ही १० लिहिलंय. यातलं बरोबर कुठलं?

---

खाडीकाठ (ऐरोली)

दादा, 'वाहतो' आणि 'भटकतो' हे वर्गात नेणार. दोन क्रियापदांत अख्खं प्रकरण आलं.

आकडे दोन्ही बरोबर. या हद्दी निसर्गानं आखलेल्या नाहीत, कामानं आखलेल्या आहेत. पाइपमध्ये रेणूचं भिंतीशी आपटणं वरचढ झालं की तुमचं सूत्र चालायला लागतं, ते ०.५ लाच पुरेसं होतं. उपग्रहावर हवेचा रेटा काढणाऱ्याला रेणू एकमेकांना भेटतच नाहीत असं धरायचं असतं, म्हणून तो १० पर्यंत थांबतो. मुलांना मी हे सांगत नव्हते, आकडे पाठ करायला लावत होते. माख अंकातली १ ची हद्द तेवढी खरी भिंत. तिच्या अलीकडे पुढच्या हवेला चाहूल लागते, पलीकडे लागत नाही. ०.८, १.२, ५ या सोयीच्या रेघा आहेत.

या चर्चेतूनच 'रेजीम'ला 'पट्टा' म्हणावं असं वाटायला लागलंय. अवस्था म्हटलं की कडा धारदार वाटतात. पट्ट्याच्या कडा पुसट असू शकतात.

---

उलवे_वारा

पट्टा +१.

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या गच्चीवरून उतरणारी विमानं दिसतात, तेच उदाहरण देतो. उतरताना जेटचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ७० मीटर. आपल्या उकाड्यात ३० अंशाला ध्वनी सेकंदाला जवळपास ३५० मीटर जातो. माख अंक झाला ०.२. माख ०.३ पर्यंत हवेची घनता ५ टक्क्यांच्या आतच बदलते, म्हणून ती दबतच नाही असं धरून गणित करता येतं. तेच विमान दीड तासापूर्वी ११ किलोमीटर उंचीवर ०.८ नं येत होतं, म्हणजे सरांच्या स्वनसंधीत. एकच विमान, एकाच दुपारी दोन पट्टे. मुलांना गच्चीवर नेऊन दाखवा.

आणखी एक. ब्रह्मोस क्षेपणास्त्राची बातमी आली की माख २.८ ला १२२५ नं गुणून ताशी वेग छापतात. १२२५ हा समुद्रसपाटीचा, १५ अंशाचा आकडा. ११ किलोमीटरवर हवा उणे ५६ अंशांची असते, तिथे ध्वनी ताशी १०६० किलोमीटरच्या आसपासच जातो. ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून आहे, हे आठवीच्या मुलाला कळतं. छापणाऱ्यांनी उंची तरी लिहावी.

---

उपवन_तळं (ठाणे)

वाचतोय, आणि माझं मत बदलतंय. एक शंका. स्वनातीत प्रवाह आपल्या आसपास कुठे सापडतो का? की फक्त क्षेपणास्त्रांत?

---

रबाळे_व्हॅक्यूम

सापडतो. कंप्रेसरची ब्लोगन घ्या, म्हणजे हवेचा झोत मारायची बंदूक, सहा बारची. हवेसाठी नियम असा की बाहेरचा दाब आतल्या दाबाच्या ५३ टक्क्यांपेक्षा कमी झाला की सगळ्यात अरुंद जागी हवा बरोबर ध्वनीच्या वेगानं जाते. दोन्ही दाब पूर्ण धरायचे, गेजवरचा अधिक १ बार. बाहेर १, आत ७, म्हणजे १४ टक्केच. तोंडाशी माख १ झालाच, आणि बाहेर पडल्यावर झोत फुलताना काही अंतर त्याच्याही पुढे जातो. तो चर्रर्र आवाज उगाच नाही. आणखी दाब वाढवला तरी अरुंद जागेतला माख १ च राहतो, फक्त हवा दाट होऊन वजनानं जास्त जाते. याला आम्ही चोक म्हणतो, त्याला मराठी शब्द नको. पोरांना चोक लगेच कळतं.

---

खाडीकाठ (ऐरोली)

चोक ठेवला. गाडीच्या चोकमुळे तो आपल्याच घरचा झालाय.

आता दोन शब्द अडलेत. पहिला हायपरसॉनिक. २०२० च्या सप्टेंबरमध्ये डीआरडीओनं स्क्रॅमजेटवर (आतली हवा स्वनातीत असतानाच इंधन जाळणारं इंजिन) माख ६ ची चाचणी घेतली, तेव्हापासून मुलं हा शब्द घेऊनच वर्गात येतात. पण तो नुसता 'आणखी जलद' एवढाच नाही. उणे ५३ अंशांच्या हवेत माख ५ नं जाणाऱ्या वस्तूच्या नाकाशी हवा थांबते, तेव्हा साध्या सूत्रानंच तिचं तापमान १००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. वेग आणखी वाढला की ऑक्सिजनचे रेणू फुटायला लागतात. म्हणजे हवा ही हवा राहत नाही. ही गोष्ट सांगणारा शब्द हवा आहे.

दुसरा, विरळपणातला 'स्लिप'.

---

कोपरीकर (ठाणे पूर्व)

पहिल्यासाठी 'दाहस्वनी' सुचतो. वेगानं दाह उत्पन्न होतो तो पट्टा. पण तुमची कसोटी लावली तर तुलना ध्वनीशीच असल्यामुळे 'स्वन' राहिला पाहिजे, तो राहतो. पटत नसेल तर 'अतिस्वनी' आहेच, साधा आणि लहान.

---

उलवे_वारा

दाहस्वनी छान आहे, पण वाद होईल. समुद्रसपाटीजवळ माख ४ लाही दाह असतो. शिवाय अंतराळातून परतणारी कुपी घ्या. १५० किलोमीटर उंचीवर ती माख १० च्या वर असते, पण तिथे रेणू न आपटता ३० मीटरांवर जातात. २ मीटर रुंदीच्या कुपीचा क्नुडसेन अंक १५ च्या पुढे. हवा इतकी विरळ की दाह नावालाही नाही. १०० किलोमीटरवर तेच अंतर १५ सेंटिमीटरपेक्षा कमी होतं, अंक ०.०७, म्हणजे घसरीचा पट्टा. खरी भट्टी त्याच्याही खाली पेटते. दोन्ही मोजपट्ट्या एकदम चालतात, एकीचा गुण दुसरीच्या नावात घालू नये. माझं मत 'अतिस्वनी'ला.

---

खाडीकाठ (ऐरोली)

पटलं. सर, दाहस्वनी मनापासून आवडला होता, पण आपल्याच नियमात बसत नाही. अतिस्वनी.

उलवे_वारा, तुम्ही सहज 'घसरीचा पट्टा' लिहून गेलात. तोच घेऊ का? वर्गात मी छताच्या पंख्याचं उदाहरण देते. पंखा दिवसभर गरगर फिरतो, तरी पात्यावर धुळीचा थर तसाच, कारण पात्याला लागून असलेली हवा पात्यासोबत फिरते, ती घसरत नाही. हवा विरळ केली की ही पकड सुटते आणि पृष्ठभागालगतची हवाही सरकायला लागते.

---

सानपाडा_१३

घसर +१. 'निसर'पेक्षा बरा, निसरडं म्हटलं की पाणी आठवतं.

---

रबाळे_व्हॅक्यूम

राहिला तो ०.१ ते १० वाला मधला. थोडा वाहतो, थोडा भटकतो. आमच्याकडे ट्रान्झिशनलच म्हणतात.

---

कोपरीकर (ठाणे पूर्व)

'मध्यविरळ'. विरळपणाची मोजपट्टी नावातच राहते, आणि संक्रमणाला हातही लागत नाही.

---

खाडीकाठ (ऐरोली)

आज शिकवून आले. सलग, घसर, मध्यविरळ, मुक्तरेणू, असं फळ्यावर एका ओळीत लिहिलं आणि दोन्ही टोकांना दादांचे 'वाहतो' आणि 'भटकतो'. खालच्या ओळीत अवस्वनी, स्वनसंधी, स्वनातीत, अतिस्वनी. तिसऱ्या ओळीत स्तरीय आणि खळाळता, मध्ये बाण, बाणावर 'संक्रमण'. हा शब्द फळ्यावर एवढ्या एकाच जागी.

ज्याच्या वहीवर काट मारली होती, त्याला आधी सांगितलं की चूक माझ्या टिपणाची होती. मग त्याचंच वाक्य पुन्हा लिहायला दिलं. त्यानं थोडा वेळ घेतला आणि उलट मलाच विचारलं: "मॅडम, स्वनसंधीतल्या विमानाच्या पंखावर संक्रमणपण होत असेल ना? पुढच्या कडेला स्तरीय आणि मागे खळाळता?"

होतं. उद्याचा तास त्यावरच घेणार आहे. पंखाच्या पृष्ठभागालगतच्या थराची एखादी सोपी, मराठी नावं घालता येईल अशी आकृती कुणाकडे असेल तर इथे टाका.